रक्तात विषाणू, तरी माणूस धडधाकट

रिपोर्टात ‘विषाणूचा डीएनए आढळला’ अशी ओळ दिसली, की अम्मीच्या हातातली तसबीह थांबते आणि अब्बा डॉक्टरांचा नंबर शोधू लागतात. या घाबरण्याला आम्ही हसणार नाही. पण त्या ओळीचा अर्थ प्रत्येक वेळी आजार असाच असतो का?

२०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी ८,२४० जणांच्या रक्तातील डीएनएची नोंद चाळली. त्यांत दोन महिन्यांचे बाळ होते, १०२ वर्षांचे वृद्धही होते. संसर्ग झाला म्हणून कुणालाच निवडलेले नव्हते. तरी ९४ विषाणूंच्या खुणा मिळाल्या! त्यांतल्या ७५ च्या आसपास बहुधा बाहेरून, म्हणजे प्रयोगशाळेतील रसायने वगैरेंतून मिसळलेल्या होत्या. राहिलेले १९ माणसाला होणारे विषाणू होते आणि ते ४२ टक्के लोकांत सापडले.

यातला एक विषाणू घरोघरी येऊन गेलेला असतो. तान्ह्या मुलाला तीन-चार दिवस सणकून ताप येतो, ताप उतरताच अंगावर गुलाबी पुरळ उठते. हे बहुतेकदा एचएचव्ही-६ चे काम. पुढे तो शरीरात निपचित पडून राहतो. मात्र शंभरात सुमारे एका माणसात तो गुणसूत्राच्या टोकालाच जोडलेला असतो, तोही जन्मापासून. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून तो आलेला असतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. नाकडोळ्यांसारखाच हा वारसा म्हणायचा.

गोंधळ होतो तो इथे. अशा माणसाच्या प्रत्येक पेशीत विषाणूचा डीएनए असल्यामुळे रक्ततपासणीत आकडा प्रचंड येतो आणि मोठा संसर्ग झाल्यासारखा वाटतो. त्याने भावाला अस्थिमज्जा दिली, तर भावाच्या रक्तातही तोच आकडा दिसू लागतो. मग गॅन्सिक्लोव्हिरसारखे औषध सुरू झाले तर पंचाईत, कारण ते अस्थिमज्जेलाच दाबते, पांढऱ्या पेशी घटवते. अर्थात प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णात हा विषाणू खरोखर जागा होऊन मेंदूला सूज आणू शकतो. म्हणून आकडा दुर्लक्षून चालत नाही, त्याचे मूळ शोधावे लागते.

उपाय तसा साधा आहे. केसाचे मूळ किंवा नख तपासायचे. तिथेही विषाणूचा डीएनए निघाला, तर तो बहुधा वारशाने आलेला. अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र देणाऱ्या भावाचे केस तपासावे लागतात.