पोपटी : खेळातून पाकशिक्षण

रायगडच्या किनारपट्टीत भातकापणी आटोपली की जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर वालाचे पीक घेतले जाते. थंडीत शेंगा भरू लागल्या म्हणजे अलिबाग, पेण, मुरूड या भागांत शेताच्या बांधावर पोपटी लागते. मुलांच्या लेखी हा निव्वळ खेळ असतो. वस्तुतः स्वयंपाकाचा इतका सुगम पाठ क्वचितच आढळेल.

भातुकलीची बोळकी आजवर बहुधा मुलींच्याच हाती दिली गेली. तिची चूल पेटत नाही आणि मुलगे पाहुणे म्हणून जेवावयास येतात. पोपटीत मात्र शेंगा खुडणे, पाला आणणे, काटक्या गोळा करणे या कामांत मुलगा-मुलगी असा भेद उरत नाही. ही गोष्ट लहान नव्हे.

कोरड्या मडक्याच्या तळाशी भामरुडाचा पाला अंथरतात. त्यावर न सोललेल्या शेंगा, जाडे मीठ व ओवा यांचे थर देतात. आवडीनुसार बटाटे, रताळी, अंडी घालतात. पाण्याचा वा तेलाचा थेंबही पडत नाही. पाल्यानेच तोंड घट्ट बंद करून मडके जमिनीवर उपडे ठेवतात व भोवती पेंढा, काटक्या, झावळ्या रचून जाळ करतात. शेंगांतील व पाल्यातील ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि तिच्यावरच सारे शिजते. पाण्याशिवाय शिजले कसे, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. शिक्षकाने तेवढ्यासाठी थांबावे. उत्तर आधी सांगू नये.

सुमारे अर्ध्या तासाने तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. ते चर्र करून तत्काळ उडाले की पोपटी झाली असे समजतात. घड्याळापेक्षा कानावर भिस्त ठेवण्याची ही सवय पुढे फोडणी देतानाही उपयोगी पडते.

परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षण घडविण्याचा मार्ग ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे, याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, चोखाळला होता. शाळेच्या परसबागेत वालाचा एक वाफा असल्यास पेरणीपासून पानापर्यंतचा क्रम मुलांच्या डोळ्यांसमोर राहील. भामरुडाची ओळख मात्र वडीलधाऱ्यांकडूनच करून घ्यावी. अनोळखी पाला मडक्यात जाता कामा नये.

जाळ लावणे व मडके उघडणे ही कामे मोठ्यांचीच. मुलांनी सुती कपडे घालावेत, वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये आणि पाण्याची बादली जवळ असावी. थर लावणे व मिठाचा अंदाज घेणे हे मात्र निःशंकपणे मुलांवर सोपवावे. मीठ कमी पडले तर मडके पुन्हा भरता येत नाही. तीच मुले पुढच्या खेपेस मूठ किती भरावी यावर आपसांत वाद घालतात.