दऱ्या आणि दर्या : एका अक्षराची मुक्तस्रोतातली वाट

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. लग्नघरी ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन ऐकावे लागेल, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण मिळेल. पहिल्या शब्दांत ‘र’चा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि मागच्या अक्षरावर आघात येतो. दुसऱ्या शब्दांत ‘र’ पापणीच्या केसासारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो आणि आघात येत नाही. हिंदीला या भेदाची गरज भासत नाही. मराठीला आणि नेपाळीला भासते. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, पायऱ्या, शेतकऱ्यांचा हे आपले रोजचे शब्द या एका पापणीवर उभे आहेत.

मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या जगात माझा शिरकाव झाला तो या पापणीमुळे. संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी या जगात कसा येतो, तिथे नेमके काय करतो आणि त्याचा मराठीशी काय संबंध, असे मला अनेकदा विचारले जाते. अभियांत्रिकीबाहेरच्या वाचकाला हे काम कळावे म्हणून तेच एक उदाहरण धरून सांगतो.

सह्याद्रीत समुद्र

तिसऱ्या वर्षी आमच्या गटाने एक छोटा प्रकल्प घेतला होता. मराठी मजकूर गोळा करायचा आणि कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजायचे. मजकूर आधी स्वच्छ करावा लागतो. नको असलेली चिन्हे, दुहेरी मोकळ्या जागा काढाव्या लागतात. त्यासाठी आम्ही एक तयार, मुक्तस्रोत आज्ञावली वापरली. यादी तयार झाली तेव्हा सह्याद्रीच्या वर्णनांत ‘दर्या’ वारंवार दिसू लागला. शेतकऱ्यांच्या डोक्यावर रफार आला होता. मूळ मजकूर तपासला, तर तो बरोबर होता. पापणी मधल्या वाटेवर कुठेतरी गळत होती.

हे का घडत होते ते समजण्यासाठी संगणक देवनागरी कशी साठवतो ते पाहावे लागेल. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक वर्णाला युनिकोड ही प्रमाणपद्धती एक क्रमांक देते. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यातला देवनागरीचा विभाग ‘इस्की’ या भारतीय प्रमाणकावर बेतलेला आहे. संगणक जोडाक्षराचे चित्र साठवत नाही, घटक साठवतो. ‘दर्या’ म्हणजे द, र, हलन्त, य, काना असे पाच क्रमांक. त्यांचे चित्र करण्याचे काम टंक आणि अक्षरजुळणी करणारी प्रणाली मिळून करतात.

मग पापणीचा ‘र’ कसा लिहायचा? युनिकोडमध्ये त्याचे दोन मार्ग आहेत. द्राविडी भाषांतला एक ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ हा वेगळा वर्ण आहे. त्याला हलन्त जोडला की पापणी उमटते. हा एक मार्ग. दुसरा जुना मार्ग म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह. या चिन्हाला ‘शून्य रुंदीचा जोडक’ म्हणता येईल. ते दिसत नाही, जागाही घेत नाही. येथे रफार नको एवढेच ते सांगते. पडद्यावर दोन्ही पद्धतींनी लिहिलेला शब्द सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

आम्ही वापरलेली आज्ञावली ‘अदृश्य चिन्हे’ काढून टाकत होती. त्यामागे सबळ कारण होते. अदृश्य चिन्हे घुसवून एकसारखी दिसणारी फसवी नावे तयार करता येतात, म्हणून ती झाडून टाकणे ही सुरक्षेची खबरदारी. पण जुन्या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधला जोडक काढला की उरतात द, र, हलन्त, य, काना. म्हणजेच दर्या.

उघडा ठेवलेला दरवाजा

आज्ञावली बंदिस्त असती, तर आमच्या हाती कंपनीला तक्रार पाठवून वाट पाहणे एवढेच होते. इथे मूळ आज्ञा उघड्या होत्या. कुणीही वाचाव्यात, बदलाव्यात आणि बदललेली प्रत वाटावी, अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली होती.

ही परवानगी आपोआप आलेली नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करायची होती; तिची मूळ प्रत त्यांना नाकारण्यात आली. सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी संपूर्ण मुक्त अशी ‘ग्नू’ प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. १९८९मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आला. त्याची अट अशी : तुम्ही ही आज्ञावली बदलून वाटलीत, तर पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे लागेल. इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाने या चळवळीची बरीच दमछाक केली, कारण त्याचे दोन अर्थ होतात. मराठीला तो त्रास नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे. ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे १९९८मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवले.

या चळवळीतले विद्यार्थ्यांचे स्थान मला विशेष वाटते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कळवले की आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत. तीच लिनक्स. दोन वर्षांनी, १९९३मध्ये, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने ‘डेबियन’ सुरू केले. १९९६मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनचा विद्यार्थी माथियास एट्रिश याने ‘केडीई’ची हाक दिली. तिघांपाशी मोठे भांडवल नव्हते. वेळ होता, कुतूहल होते आणि हाताशी असलेल्या साधनाबद्दल एक ठोस असमाधान होते. विद्यार्थी या जगात येतो तो बहुतेक वेळा अशा असमाधानाच्या दारातून. माझे असमाधान त्यांच्या मानाने एका पापणीएवढे होते, पण दार तेच.

एका दुरुस्तीचा प्रवास

पहिली पायरी दोष नोंदवण्याची. ‘मराठी नीट चालत नाही’ असे लिहून काही होत नाही. दोष इतका लहान करून दाखवावा लागतो की परक्या माणसाला तो पाच मिनिटांत स्वतःच्या यंत्रावर पाहता यावा. आमच्या हजारो ओळींच्या मजकुरातून मी एकच शब्द उरवला. आज्ञावलीत काय घातले, काय अपेक्षित होते, काय बाहेर आले आणि कोणती आवृत्ती वापरली, एवढेच लिहिले.

नऊ दिवसांनी उत्तर आले. आज्ञावली सांभाळणाऱ्या गृहस्थांना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांनी विचारले, या दोन आकृत्यांत फरक तो काय? मी दोन्ही शब्दांचे क्रमांक आणि अर्थ शेजारी शेजारी मांडले. एक समुद्र, एक दरी. त्यांना ते लगेच पटले, पण त्यांचा पुढचा प्रश्न अवघड होता. सगळीच अदृश्य चिन्हे ठेवली तर सुरक्षेचे काय? कोणती ठेवायची, कुठे ठेवायची आणि कोणत्या नियमाने?

परीक्षेच्या अभ्यासात मला कधी न भेटलेला प्रश्न होता हा. उत्तर शोधताना इतर भाषा वाचाव्या लागल्या. सिंहली लिपीत ‘श्रीलंका’मधला ‘श्री’ त्याच अदृश्य जोडकाने तयार होतो. जोडक काढला तर देशाचे नावच विस्कटते. मलयाळममध्ये शब्दान्ती येणारी ‘चिल्लू’ अक्षरे, २००८मध्ये त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळेपर्यंत, याच जोडकाने लिहीत. फारसीत याचे भावंड, म्हणजे ‘अजोडक’, वापरतात. एकाच शब्दातली दोन अक्षरे जवळ राहावीत पण चिकटू नयेत, हे ते सांगते. आणि भ्रमणध्वनीवर आपण पाठवतो ते आई, वडील आणि मुलांचे चित्र हीसुद्धा सुट्या माणसांची चित्रे असतात; त्यांना एका कुटुंबात बांधतो तो हाच जोडक. तो पुसला की कुटुंब विभक्त होते.

नियमही सापडला. संकेतस्थळांची नावे देशोदेशींच्या लिप्यांत कशी लिहावीत यासाठी २०१०मध्ये ठरलेल्या प्रमाणकात म्हटले आहे की जोडक हलन्तानंतर आला असेल तर तो ग्राह्य धरावा. सुरक्षा आणि शुद्धलेखन या दोन्हींचा तोल त्यात साधलेला होता. त्या नियमावर मी दुरुस्ती लिहिली. आज्ञावलीतला बदल सात ओळींचा होता, तर तो बरोबर आहे हे सिद्ध करणाऱ्या चाचण्या चाळीसेक ओळींच्या. वऱ्हाड, पायऱ्या, सिंहली श्री, फारसी क्रियापद, कुटुंबाचे चित्र असे सगळे त्या चाचण्यांत गेले. पुढे कुणी अजाणतेपणी हा नियम मोडला, तर चाचणी लगेच ओरडते. आमच्या पापणीला असा कायमचा पहारा मिळाला.

समीक्षेच्या तीन फेऱ्या झाल्या. एकाने नावे बदलायला सांगितली, दुसऱ्याने वेग मोजायला लावला. अनोळखी माणसे माझ्या सात ओळी माझ्यापेक्षा बारकाईने वाचत होती. महाविद्यालयात आमच्या आज्ञावलीला गुण मिळत. ती वाचलेली मी तिथेच प्रथम पाहिली.

पाठभेदांची वही

हा सारा व्यवहार ज्या साधनावर चालतो ते ‘गिट’ टोरवाल्ड्स यांनीच एप्रिल २००५मध्ये लिहायला घेतले. त्याची कल्पना साहित्याच्या वाचकाला सहज कळेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि ते १९६६मध्ये पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. कोणत्या लेखनिकाने कुठे काय बदलले, का बदलले, हे शतकांनंतर अनुमानाने उलगडावे लागले, कारण लेखनिकांनी तशी नोंद ठेवली नव्हती.

गिटमध्ये ती नोंद केल्यावाचून बदल होतच नाही. प्रत्येक पाठभेदाला कर्ता, दिनांक आणि कारण असते. प्रत्येकाकडे संपूर्ण प्रत आणि तिचा संपूर्ण इतिहास असतो. कुणीही स्वतःची शाखा काढून स्वतंत्र पाठ तयार करू शकतो. तो मुख्य संहितेत घ्यायचा की नाही, हे संपादक ठरवतात. माझ्या दुरुस्तीपुढे कारणाची एक ओळ आहे : हा जोडक काढल्यास मराठीत अर्थ बदलतो. पुढच्या संपादकाला अनुमान करावे लागणार नाही.

मुक्त, पण फुकट नव्हे

या चित्राला दुसरी बाजू आहे. उघड्या दारातून सगळेच दुरुस्ती करायला येत नाहीत. मुक्तस्रोतात हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम दर ऑक्टोबरात चाले. २०२०मध्ये टी-शर्टासाठी निरर्थक बदलांचा एवढा पूर आला की सांभाळणारे हैराण झाले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. आमच्याकडे नोकरीच्या मुलाखतीसाठी ‘काहीतरी योगदान दाखवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्यातूनही हेच घडते. प्रश्न स्वतःचा नसेल, तर उत्तरही उसने निघते.

आणि सांभाळणारे किती थोडे असतात! २०१४मध्ये ‘ओपन-एसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा घातक दोष सापडला. महाजालावरचे असंख्य सुरक्षित व्यवहार जिच्यावर चालत होते, ती आज्ञावली मूठभर माणसे तुटपुंज्या पैशांवर चालवत होती. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या साधनात कुणीतरी चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मदतीच्या मिषाने दोनेक वर्षे संपादन करून हा डाव रचला गेला होता. आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो, असा प्रश्न पडला आणि त्यातून तो उघडकीला आला. स्रोत उघडा असल्याने तो शोधता आला हे खरे. पण उघडे असणे म्हणजे कुणीतरी पाहत असणे नव्हे, हेही तितकेच खरे.

मराठीचे काय?

केरळात ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या स्वयंसेवकांच्या गटाने आपल्या लिपीसाठी टंक, कळफलक आणि भाषांतरे उभी केली. मराठीतही काम झाले आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे सुरेख टंक मुक्त परवान्याने दिले आहेत. पण पुष्कळ कामे अजून कुणाच्या तरी असमाधानाची वाट पाहत आहेत. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८मध्ये मिळाला, त्याआधीच्या मजकुरात तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, म्हणून एका पद्धतीने शोधले तर दुसरा सापडेलच असे नाही. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत ‘ल’ला लागून. केवळ क्रमांकांवर विसंबणारी आज्ञावली कोशातले शब्द चुकीच्या क्रमाने लावते.

या दोषांनी कुणाचे प्राण जात नाहीत. पण ज्या ग्रंथालयाच्या सूचीत ‘वऱ्हाड’ शोधून सापडत नाही, तिथे त्या शब्दाची पुस्तके वाचकापुरती नसल्यासारखीच. आजचा मजकूर उद्या यंत्रे वाचणार, मोजणार, त्यातून भाषा शिकणार. त्यांना आपण दऱ्या देणार की दर्या, हे कुठल्या तरी आज्ञावलीतल्या पाच-सात ओळी ठरवतात. त्या ओळी लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल, तर त्याचा तो दोष नाही. ज्याला मराठी येते आणि आज्ञावलीही वाचता येते, अशा विद्यार्थ्याने नऊ दिवस उत्तराची वाट पाहण्याची तयारी ठेवायला हवी.