'लीन चित्त' म्हणजे नम्र चित्त नव्हे

पालि भाषेतील अनेक शब्द मराठीत जसेच्या तसे भेटतात. त्यामुळे ती भाषा आपणांस जवळची वाटते. परंतु अर्थाची फसगतही अशाच ओळखीच्या शब्दांपाशी होते. 'लीन' हा शब्द त्याचे ठळक उदाहरण होय. मराठीत लीन म्हणजे नम्र, शरण गेलेला. तो गुण मानला जातो. पालीतील 'लीन चित्त' मात्र दोष आहे. धीर खचलेले, उत्साह ओसरून आतल्या आत आक्रसलेले चित्त, असा त्याचा अर्थ आहे.

नम्रतेसाठी पालीत 'निवात' हा वेगळा शब्द आहे. महामंगल सुत्तात गौरवाच्या जोडीने 'निवात' हे मंगल सांगितले आहे, हे नित्य सुत्तपठण करणाऱ्या उपासकांस ठाऊकच आहे. 'लीन'ची गणना तेथे नाही. उलट संयुत्त निकायातील बोज्झंग संयुत्तात 'चेतसो लीनत्तं', म्हणजे चित्ताचे खचलेपण, हे थीनमिद्ध या नीवरणाचे खाद्य म्हटले आहे. अरती, तंद्री, जांभया आणि जेवणानंतरची सुस्ती यांच्या पंक्तीत ते बसविले आहे.

त्याच संयुत्तातील अग्गि सुत्तात यावरील उपाय सांगितला आहे. विझत आलेल्या आगीवर ओले गवत, ओल्या गोवऱ्या आणि ओली लाकडे टाकली तर ती पेटेल काय? त्याचप्रमाणे चित्त लीन असता पस्सद्धी, समाधी आणि उपेक्खा यांच्या भावनेची ती वेळ नव्हे. त्या वेळी धम्मविचय, विरिय आणि पीती या बोज्झंगांची भावना करावी. चित्त उद्धत, म्हणजे भडकलेले असेल, तर याच्या उलट करावे. सती मात्र सर्वकाळ उपयुक्त आहे.

आता 'लीन'चा अर्थ 'नम्र' असा केला तर काय होईल? दोषाचाच गुण ठरेल आणि सारा उपदेश उलटा होईल. ज्याचे अवसान आधीच गळाले आहे, त्याला आपण 'शांत राहा, सोसत राहा' असे सांगू. म्हणजे विझत्या आगीवर ओले गवत टाकू. तथागतांनी उपायांत पहिले नाव धम्मविचयाचे घेतले आहे, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. खचलेल्या मनाला प्रथम नुसते सांत्वन नको, विचार हवा. त्यानंतर प्रयत्न, आणि मग आनंद.

'लीन'च्या विरुद्ध शब्द 'अलीन'. खग्गविसाण सुत्तातील साधक 'अलीनचित्त' आहे, आणि 156 व्या जातकातील राजकुमाराचे नावही अलीनचित्तच आहे. नम्र असावे, परंतु लीन असू नये, हा भेद पालीने दोन निराळे शब्द ठेवून जपला आहे. भाषांतर करताना तो आपणही जपला पाहिजे.