मऊ लिथियम सिरॅमिक फोडतं तेव्हा

हैदराबादच्या मौला अली भागातल्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये १९७०च्या दशकापासून किनाऱ्यावरच्या वाळूतून झिर्कोनियम काढलं जातं आणि त्याच्या मिश्रधातूच्या नळ्या अणुभट्ट्यांना पुरवल्या जातात. या झिर्कोनियमचा आणखी एक अवतार थक्क करणारा आहे. लिथियम, लँथॅनम आणि ऑक्सिजन यांच्या संगतीत त्याचं कडक सिरॅमिक होतं, आणि त्या ठणठणीत कोरड्या सिरॅमिकमधून लिथियमचे आयन चक्क साध्या तापमानाला आरपार धावतात! रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि व्हेर्नर व्हेपनर यांनी २००७ मध्ये ही किमया जगापुढे आणली.

तिचं एवढं अप्रूप का? मोबाइलच्या बॅटरीत लिथियम साठवायला ग्रॅफाइट असतं. त्याच्या एका ग्रॅममध्ये ३७२ मिलिअँपिअर-तास मावतात. शुद्ध लिथियम धातूत ३,८६०. पण नेहमीच्या ज्वलनशील द्रवात लिथियमला काटे फुटतात, ते पलीकडे पोचले की शॉर्टसर्किट होतं. मग द्रवाच्या जागी सिरॅमिकच बसवलं तर? काटे अडतील, आगीचा धोकाही घटेल. हीच सॉलिड-स्टेट बॅटरी.

लिथियमने हा हिशेब चुकवला. सुरीने कापता येणारा हा धातू, पण जोरात चार्जिंग केलं की सिरॅमिकच्या केसाएवढ्या भेगेत शिरतो आणि ती फाकवत पलीकडे निघतो. जुन्या भिंतीत पिंपळ रुजतो, तसाच. डिस्चार्ज होताना लिथियम निघून गेलेल्या जागी पोकळ्या राहतात, उरलेल्या मोजक्या ठिकाणी विजेचा सगळा भार येतो आणि तिथूनच पुढची भेग सुरू होते. शिवाय दमट हवा लागली की सिरॅमिकवर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो. त्यावर लिथियम नीट चिकटत नाही.

म्हणजे दुखणं पृष्ठभागाचं, आणि उपायही तिथलेच. पण आधी सिरॅमिकच नीट घडवायचं: पावडर हजार अंशांच्या वर भाजून दाट करायची; त्या आचेत लिथियम उडून जातं, म्हणून ते मुळात जास्त घालायचं. चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम किंवा टँटॅलम मिसळलं की आयनांना वाट देणारी स्फटिकरचना थंड झाल्यावरही टिकते. वरून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर द्यायचा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये असा थर दिला, तेव्हा सांध्यावरचा रोध १,७१० ओहम-चौरस सेंटिमीटरवरून १ ओहम-चौरस सेंटिमीटरवर उतरला!

पावडर दाबण्या-भाजण्याची विद्या हैदराबादला नवी नाही. बाळापूरची एआरसीआय ही संस्था त्याच शास्त्राची. लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी लागणाऱ्या पावडरीही तिथे विकसित झाल्या आहेत.

तेव्हा 'सॉलिड-स्टेट बॅटरी आली हो' अशी बातमी वाचलीत, तर तीन गोष्टी जरूर विचारा: किती वेळा चार्ज झाली, किती तापमानाला, आणि किती दाबाखाली?