अंगातलं बळ गेलं, तर रक्त काय सांगतं?



दिवसभर राबून अंग दुखणं वेगळं आणि अंगातलं बळ जाणं वेगळं. खाली बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, वेणी घालताना हात वर राहत नाहीत, एसटीची पायरी चढवत नाही. असा त्रास आठवड्या-आठवड्याला वाढत गेला, तरी आपण ‘रक्त कमी असेल’ म्हणून गप्प बसतो. पण हिमोग्लोबिन चांगलं असूनही असं होत असेल, तर स्नायूंना सूज आलेली असू शकते. या आजाराला मायोसायटिस म्हणतात. रोगाशी लढणारी आपली शक्तीच आपल्या स्नायूंवर उलटते. हा आजार क्वचित होतो, पण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. काहींच्या पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टेही येतात.

यात पहिली तपासणी सीपीकेची. हा पदार्थ स्नायूंच्या पेशींत असतो. पेशींना इजा झाली की तो रक्तात उतरतो. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. मात्र आदल्या दिवशी फार जड काम केलं असेल, कमरेत इंजेक्शन घेतलं असेल, थायरॉईडचा त्रास किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. त्यानेही सीपीके वाढतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. एसजीओटी आणि एसजीपीटी यांना आपण लिव्हरच्या तपासण्या म्हणतो. पण हे पदार्थ स्नायूंतही असतात. ते वाढलेले दिसले की कावीळ समजून पथ्यपाणी आणि झाडपाला सुरू होतो, आणि खरा आजार मागे राहतो. डोळे पिवळे नाहीत पण बळ गेलंय, अशा वेळी ‘सीपीके करायचं का?’ असं डॉक्टरांना न लाजता विचारा.

पुढची तपासणी अँटिबॉडीची. त्यातली ‘जो-१’ सापडली, तर फुप्फुसंही तपासावी लागतात.

काही जणींचं सीपीके आजार असूनही वाढत नाही. म्हणून नुसत्या कागदावर निदान होत नाही. डॉक्टर हातापायांची ताकद बघतात, गरज पडली तर एमआरआय करतात किंवा स्नायूचा छोटा तुकडा तपासतात. आजारावर औषधं आहेत. ती मनाने बंद करू नका.

आणि घास गिळताना अडकत असेल किंवा दम लागत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.