घरट्याखाली मेलेलं पिल्लू : दोष कुणाचा?

चैत्र-वैशाखात देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात, आंब्याखाली किंवा बोगनवेलीच्या कुंपणाशी, पक्ष्याचं मेलेलं पिल्लू दिसणं नवं नाही. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, चोचीच्या कडांना पिवळी झालर आणि भोवती मुंग्यांची रांग. ते पाहून जीव कळवळतो आणि लगेच कारणं सुचू लागतात : ऊन, मांजर, मोबाइल टॉवर, एखादी साथ. पण आधी नीट पाहावं आणि मग दोष द्यावा. एकटंदुकटं पिल्लू मरणं हा पक्ष्यांच्या जगण्याचाच भाग आहे. घरटीच्या घरटी उजाड होऊ लागली, तर मात्र आपण बागेत काय करतो हे तपासायला हवं.

आधी हिशेब पाहू. लालबुड्या बुलबुलाची मादी एका विणीत साधारण दोन-तीन अंडी घालते आणि वर्षात एकाहून अधिक वेळा घरटं करते. समजा, एका जोडीने तीन वर्षं दरवर्षी दोनदा तीन-तीन अंडी घातली, तर ती अठरा होतात. बुलबुलांची संख्या आहे तेवढी राहण्यासाठी त्यांतली दोनच पिल्लं मोठी होऊन विणीला लागली तरी पुरतं. उरलेली कावळा, भारद्वाज, टकाचोर, खार आणि धामण यांच्या पोटी जातात किंवा उपाशी मरतात. डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञाने १९४७मध्ये मांडलं की, आईबाप जेवढी पिल्लं पोसू शकतात, त्या बेताने पक्ष्यांच्या अंड्यांची संख्या ठरत आलेली असते. अळ्या-किडे कमी पडले की सर्वांत अशक्त पिल्लू आधी मागे पडतं. त्यामुळे घरटं शाबूत, भावंडं धडधाकट आणि खाली एकच उघडं पिल्लू, असं दृश्य असेल तर बहुधा घडलंय ते एवढंच. मुंग्याही बहुतेकदा मरणानंतर आलेल्या असतात. साथीची खूण वेगळी असते. जानेवारी २०२१मध्ये महाराष्ट्रात बर्ड फ्लू आला, तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि इतरत्र मोठे कावळे मेलेले सापडले. अनेक मोठे पक्षी एकाच वेळी मेलेले दिसले, तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

मग माणसाचा हात कुठे दिसतो? सर्वांत आधी छाटणीत. पावसाळ्यापूर्वी फांद्या आणि कुंपणं छाटायची आपली वेळ आणि पक्ष्यांच्या विणीची वेळ नेमकी एकच. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला शरीराचं तापमान राखता येत नाही. पारा चाळिशीकडे गेला की आई घरट्याच्या काठावर उभी राहून पंखांची सावली धरते. अशा वेळी माळ्याने घरटं वाचवून भोवतीची पानं कापली, तरी पिल्लं दुपारच्या उन्हात होरपळतात आणि कावळ्यांना वरून घरटं दिसतं. घरटं जागेवर असूनही सगळी पिल्लं मरण्याचं हे एक कारण आहे. दुसरं कारण कीटकनाशक. एरवी फळांवर ताव मारणारा बुलबुलसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवतो. ऐन विणीत बागेवर औषध फवारलं की पिल्लांचा घासच हिरावला जातो, किंवा विषारी होऊन त्यांच्या चोचीत पडतो. तिसरं कारण पाळीव मांजर. रानातल्या शिकाऱ्याची संख्या भक्ष्यावर अवलंबून असते. घरी दूध मिळणाऱ्या मांजरीला तो लगाम नाही.

यावर कुणी म्हणेल, इतकी पिल्लं एरवीही मरतातच, मग आणखी चार गेली तर काय बिघडलं? बिघडतं. निसर्गातली पडझड गृहीत धरूनच अठरांचा हिशेब बसलेला आहे. त्यावर आपण घातलेली भर भरून काढण्याची सोय त्यात नाही. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे : अवकाळी वादळात फांदी कोसळून माणूस दगावला तर? धोकादायक फांदी जरूर कापावी, तिथे माणसाचा जीव मोठा. पण मेंदीचं कुंपण सरळ रेषेत दिसावं म्हणून वैशाखात कात्री चालवण्याची निकड कुठली? ते काम मार्गशीर्ष-पौषात होऊ शकतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांची नासधूस ‘शिकारी’च्या व्याख्येतच धरली आहे, हेही विसरू नये.

जिवंत पिल्लू सापडलं, तर पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, उड्या मारणारं पिल्लू जवळच्या झुडपात ठेवावं. त्याचे आईबाप आसपास असतात. उघडं पिल्लू घरट्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. त्याला दूध पाजू नये, चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जातं. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत बुलबुलाला साधारण चारच आठवडे लागतात. तेवढे दिवस कात्री आणि फवारणीचा पंप बाजूला ठेवा आणि मांजर घरात ठेवा.