नडगीचं दुखणं कुणी मोजायचं?

लेखमाला : पदवीच्या पुढे – लेखांक ६

पहाटे पाचला बुलढाण्याहून चिखलीच्या रस्त्याला लागलं, की कडेकडेने धावणारी पोरं दिसतात. एकाच्या हातात मोबाईलचा टॉर्च, दुसरा दुचाकीवर मागून वेळ लावतोय, मुलींचा घोळका जरा पुढे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की ही गर्दी वाढते. घाटावर मेहकर-देऊळगाव राजापर्यंत आणि घाटाखाली खामगाव-मलकापूरपर्यंत हेच चित्र असतं. ‘ग्राउंड’ ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं, तर २० पैकी २० गुण. त्या काही सेकंदांसाठी वर्ष वर्ष धावणारी पोरं आपल्या जिल्ह्यात आहेत.

या पोरांना तयारीत काय अडतं असं विचारलं, की बहुतेक वेळा हात नडगीवर जातो. नडगी दुखते. आधी धावताना, मग धावून झाल्यावर, मग जिना चढतानाही. उपाय ठरलेले असतात. क्रेप बँडेज, मलम, मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डांबर. कुणी म्हणतं बूट बदल, कुणी म्हणतं अनवाणी धाव. खरं काय, हे आपल्या मैदानावर कुणी मोजलेलं नसतं. व्यायामविज्ञानातली पीएच.डी. म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला ही नडगी सगळ्यात सोयीची वाटते.

परदेशातल्या काही विद्यापीठांत आरोग्यसंवर्धन, व्यायामविज्ञान आणि कामगिरीचं नेतृत्व अशी तीन अंगं एकाच डॉक्टरेटमध्ये गुंफलेली असतात. आपल्याकडे याला सगळ्यात जवळची म्हणजे शारीरिक शिक्षणातली पीएच.डी. नाव जुनं असलं, तरी ती तिन्ही अंगं तिच्यात बसतात. नडगी का दुखते, हा व्यायामविज्ञानाचा प्रश्न. ती दुखू नये म्हणून गावात काय बदलायला हवं, हा आरोग्यसंवर्धनाचा. आणि ते बदलायला सरपंचाला, अकॅडमीवाल्याला, क्रीडा अधिकाऱ्याला राजी कोण करणार, हा नेतृत्वाचा.

आधी ‘का’ पाहू. रोज धावायला लागलं की काही आठवड्यांतच दम वाढतो. हृदय आणि स्नायू लवकर जुळवून घेतात. हाडाचं तसं नसतं. ताण पडला की हाडाचा जुना भाग आधी झिजवला जातो आणि मग नवा भरला जातो, आणि या एका फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोराला वाटतं, आता आपण दुप्पट धावू शकतो, आणि दमाच्या बाबतीत ते खरंही असतं. पण नडगीचं हाड तेव्हा भरून यायच्या आधीच्या, अर्धवट अवस्थेत असतं. त्याच वेळी जाहिरात निघते, घाई होते, अंतर वाढतं. नवख्या धावपटूंना हे दुखणं जास्त होतं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक चीर जाण्यापर्यंत मजल जाते.

हे सगळं माहीत असेल, तर मग संशोधन कशाचं? नेदरलँड्सचे संशोधक विलेम व्हॅन मेखेलन यांनी १९९२ मध्ये खेळातल्या दुखापतींच्या अभ्यासाचे चार टप्पे मांडले. पहिल्यांदा दुखापत किती जणांना होते ते मोजा. मग कारणं शोधा. मग उपाय करा. आणि शेवटी पुन्हा मोजा. चौथा टप्पा वाचायला सोपा आणि करायला फार अवघड. आपण तर पहिल्याच टप्प्यावर अडलो आहोत. बुलढाणा जिल्ह्यात भरतीची तयारी करणाऱ्या शंभर पोरांपैकी किती जणांची नडगी दुखते? यावर अंदाज सगळ्यांकडे आहेत. मोजून सांगायचं म्हटलं, तर कुणाला तरी तीन-चार वर्षं द्यावी लागतील. पीएच.डी. म्हणजे ती वर्षं.

आपल्या जिल्ह्याची रचना अशा अभ्यासाला फार उपयोगी आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे गेलं की आपण पूर्णेच्या सपाट खोऱ्यात, निम्म्याहूनही कमी उंचीवर येतो. एप्रिल-मेमध्ये घाटावरच्या पहाटेला आणि घाटाखालच्या पहाटेला अंगाला लागणारा फरक इथल्या कुणालाही सांगावा लागत नाही. मग घाटावरचे साठ आणि घाटाखालचे साठ धावपटू घेऊन उन्हाचा परिणाम का पाहू नये? पाहता येईल, पण इथेच अभ्यासकाची परीक्षा आहे. दोन्ही गटांत फक्त हवाच वेगळी असते का? एका गावात मातीचं मैदान असेल, दुसऱ्यात डांबराशिवाय पर्याय नसेल. एकीकडे पोरं रात्री अभ्यासिकेत, दुसरीकडे सकाळी धावून दुपारी शेतात. हे फरक न मोजता ‘घाटाखाली दुखापती जास्त, म्हणून ऊन कारणीभूत’ असं लिहिलं, तर तो प्रबंध जाड असला तरी पोकळ.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर एक जुनं उदाहरण सांगतो. अमेरिकेत पॅरिस आयलंड इथल्या तळावर मरीन दलात नव्याने भरती झालेली पोरं उन्हाळी प्रशिक्षणात उष्माघाताने कोसळायची. १९५० च्या दशकात यागलू आणि मिनार्ड या संशोधकांनी तिथे अभ्यास केला. नुसतं तापमान पुरेसं नाही, हे त्यांनी ओळखलं. घाम सुकतो की नाही यावर शरीर थंड होणं अवलंबून असतं, म्हणून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला २० टक्के आणि साध्या तापमानाला फक्त १० टक्के. या एका आकड्यावरून ठरायचं, आज कवायत करायची की थांबायचं. कोसळणाऱ्यांची संख्या घटली. तोच निर्देशांक आज जगभर मैदानांवर वापरतात.

२०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही उमेदवार दगावले, तेव्हा मला हा गोळा आणि हे फडकं आठवलं होतं. उपकरण महागडं नाही, सूत्र १९५० च्या दशकातलं. आज अंतर कमी झालंय, हे चांगलंच झालं. पण घाटाखालच्या किती सराव मैदानांवर सकाळी हा आकडा पाहून धावणं ठरतं?

आता वाट कशी आहे ते सांगतो, कारण या लेखमालेला येणारी बरीचशी पत्रं त्याबद्दलच असतात. बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट. प्रवेशासाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा किंवा नेट. जून २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असाही एक वर्ग आहे, तो हाती असलेल्यांनी निराश होऊ नये. त्यानंतर कोर्सवर्क आणि संशोधन आराखडा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना पुढे आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर काम मांडावं लागतं. पैशाचं म्हणाल, तर नेटमधून मिळणारी जेआरएफ, आणि आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिरातींवर स्वतः लक्ष ठेवावं लागतं.

याच नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला वाट आहे. नोकरीच्या ठिकाणाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. मला वाटतं, आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जास्त गरज याच अभ्यासकाची आहे. गावातल्या शाळेत पंधरा वर्षं काढलेले पीटीचे सर किंवा मॅडम. त्यांना कुठली पोरं कुठे धावतात हे माहीत असतं, आणि पोरं त्यांच्यापाशी दुखणं लपवत नाहीत. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला हा विश्वास कमवायलाच वर्ष जाईल.

परंपराही आपल्या जवळचीच आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ आणि व्यायामाची प्रात्यक्षिकं करून दाखवली. मोजण्याची ओढही मराठी माणसाला नवी नाही. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली करताना पोटातला दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरण लावून पाहिलं. योगावर त्यांची श्रद्धा होती, आणि म्हणूनच तो मोजून दाखवावा असं त्यांना वाटलं. हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शारीरिक शिक्षणाचे प्रबंध चाळताना वाईट वाटतं. ‘कबड्डी आणि खो-खो खेळाडूंच्या अमुक गुणांचा तुलनात्मक अभ्यास’, ‘तमुक आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा उडीवर परिणाम’ अशी शीर्षकं एकामागून एक येतात. उडीचा सराव केला की उडी वाढते, हे कळायला पीएच.डी. लागत नाही. कष्ट खरे असतात, प्रश्न मात्र उसना. आणि आपल्याकडे प्रश्नांचा तुटवडा नाही. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत माजी जगज्जेत्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. एका गुणाने जिंकणाऱ्या त्या तिरंदाजाच्या हृदयाचे ठोके बाण सोडताना काय करतात? टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांचे ठोके दूरचित्रवाणीवर दाखवले गेले होते. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचे मोजायला कुणी बसलं, तर तोही एक प्रबंध आहे. शेगावहून पंढरपूरला महिनाभर चालत जाणाऱ्या वारकऱ्यांचा रक्तदाब निघताना किती आणि पोचल्यावर किती, हा आणखी एक.

नैतिकतेबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. नडगीच्या अभ्यासात १८ वर्षांखालची मुलं असतील, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. अभ्यास सुरू असताना एखाद्याच्या हाडाला चीर गेल्याची शंका आली, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. त्याची नोंद अर्धवट राहील, गटातला एक आकडा कमी होईल, आणि मार्गदर्शकाला ते समजावून सांगावं लागेल. सांगायचं. भरती जवळ आली म्हणून पोरगं ‘आता दुखत नाही’ असं खोटं बोलेल, हेही गृहीत धरून प्रश्न तयार करावे लागतात.

सुरुवातीला विद्यापीठही लागत नाही. तुमच्या मैदानावर दहा पोरं असतील, तर एक शंभर पानी वही घ्या आणि रोज पाच रकाने भरा. तारीख. किती धावला. माती की डांबर. कुठे दुखलं. दुखणं शून्य ते दहापैकी किती. सुट्टी घेतली तर तेही लिहा, कारण न धावलेला दिवसही माहिती असते. सहा महिन्यांनी ती वही घेऊन अमरावतीला मार्गदर्शकाच्या दारात उभे राहा. तिच्यात शंभरातल्या किती जणांची नडगी दुखते याचा नाही, पण दहातल्या किती जणांची दुखते याचा आकडा असेल, आणि आज तेवढाही आपल्याकडे नाही.

(पुढच्या आठवड्यात : मार्गदर्शक कसा निवडावा)